दाजीच्या तोंडाला कुलूप

"मेल्या सोकोऱ्या, निजलंस काय रे वर? ओड की! बालदी भरान माझ्या पायार गळाक लागली! तुझ्या आवशीन तुका जल्माक घातल्यान, तां पण वाटेत इसावो घेत घेतच काय?"

जमिनीच्या पोटातून असा आवाज आला की आमच्या वाडीला कळायचं, पाणी तळाला गेलं आणि कोणाच्यातरी बावीतला, म्हणजे विहिरीतला, गाळ निघतो आहे. खाली दाजी, वर सोकोरो. मसुऱ्यापासून धामापुरापर्यंत ह्या जोडीने साफ केली नाही अशी एक बाव दाखवा, मी मिशी उतरवतो.

दाजी म्हणजे सुकवलेला बांगडा. हाडं, कातडी आणि जीभ. बावीच्या चिऱ्यांत पाय ठेवायला खोबणी असतात, त्यांत बोटं रोवून तो पालीसारखा सरसर खाली जायचा आणि गाळ उपसायचा. जितके हात चालायचे तितकं तोंड. त्याची एक शिवी ऐकून काठावरच्या झाडाचे दोन फणस पिकायच्या आधीच गळले होते. एक माझ्या पायाशी पडला, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. लाथा मारणारी म्हैस तर लोक मुद्दाम त्याच्या वाटेवर आणून बांधायचे. तो दोन वाक्यं बोलून पुढे गेला की म्हैस मान खाली घालून धार द्यायची.

आणि सोकोरो म्हणजे चिऱ्याचा गडगा. उंच, रुंद आणि गप्प. त्याला "जेवलंस काय रे?" असं विचारून तुम्ही धामापूरच्या तळ्यात पाय धुऊन परत यावं, तोवर तो "व्हय" म्हणायचा. दोरी मात्र अशी ओढायचा की बालदी वाटेत हिंदकळायची नाही, की दाजीच्या डोक्यावर थेंब पडायचा नाही. दाजीला सगळं आत्ता हवं असायचं. सोकोरोला घाई म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. खालून शिव्यांचा पाऊस, वरून नुसती दोरी. मिसरूड फुटल्यापासून हे असंच चाललं होतं. दुपारी दोघं एकाच सावलीत बसायचे. दाजीची बायको तुळसा दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधून द्यायची, आणि माशाचा मोठा तुकडा सोकोरो न बोलता दाजीकडे सरकवायचा. दाजी तो खायचा आणि म्हणायचा, "काटो काडून दिलंस नाय तो, रेड्या!"

गावाला हा फुकटचा दशावतार होता. लोक काम टाकून काठावर बसायचे आणि हसून घरी जायचे. ह्यात मिटवण्यासारखं भांडण आहे, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग गुरुप्रसाद आला.

मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याने गावात बंगला बांधला. बंगल्यापुढे बाग, बागेत कोरीव कठड्याची बाव. रोज पहाटे अख्ख्या गावाच्या फोनवर तो सुविचार टाकायचा. तालुक्याच्या कुठल्याशा मंडळाने सलोख्याने राहणाऱ्या गावाला ढाल द्यायचं ठरवलं, आणि हा पेटला. पण मिटवणार काय? वरच्या वाडीतल्या भावाभावांचा बांधाचा दावा कोर्टात म्हातारा झाला होता, त्याला हात लावला तर गुरुप्रसादाचंच टाळकं फुटलं असतं. पाण्याच्या नळावरून दोन वाड्या एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, तिथे तो वाटेलाही गेला नाही. सगळ्यात सोपं भांडण म्हणजे जे नाहीच ते.

त्याने दोघांना देवळापुढे बोलावलं. मानकरी बसले, गाव जमला. सोकोरो ख्रिस्ती, तो बाहेरच्या पायरीशी चपला काढून उभा राहिला.

"मंडळी," गुरुप्रसाद म्हणाला, "स्वभाव वेगळे असतात, कुवत वेगळी असते. एक चपळ, एक मंद. म्हणून काय एकमेकांचा अपमान करायचा? दाजी, तू ह्या गरीब माणसाला किती वर्षं घालूनपाडून बोलतोस?"

"मी?" दाजी म्हणाला. "ह्या रेड्याक?"

"बघा! हेच ते!"

लोक हसले. दाजीही हसला. पण मानकरी हसले नाहीत, कारण गुरुप्रसादाने सभामंडपाला नवी फरशी द्यायचं कबूल केलं होतं. गुरवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आज ह्यो तुझो लेकरू दाजी, आजपासून कोणाकच वायट सबद बोलूचो नाय, सोकोरोक तर नायच नाय, असो तुझ्या पायाकडे सबद देता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाजीचं तोंड उघडंच राहिलं. देवीपुढे गाऱ्हाणं झालं म्हणजे झालं. आमच्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, पण त्या पायरीवर नाही.

गुरुप्रसादाने विचारलं, "सोकोरो, तुझं काही म्हणणं?"

सोकोरो विचार करू लागला. त्याने ओठ हलवेपर्यंत नारळ फुटला होता, दोघांना मिठी मारायला लावून फोटोही निघाला होता. परत येताना, वाटेत, त्याचं म्हणणं तयार झालं.

"भाऊ," तो गुरुप्रसादाला म्हणाला, "तो खाली गप रवलो तर माका कसां कळतलां?"

"काय कळायचं?"

"जितो आसा तां."

लोक पोट धरून हसले. गुरुप्रसादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिव्यांची सवय लागली की असंच होतं. हळूहळू सुटेल." सोकोरोने पुढचं वाक्य शोधायला सुरुवात केली, तोवर सगळे आपापल्या घरी गेले होते.

दाजीने गोड बोलायचा प्रयत्न केला हो. पण त्याचं एकही वाक्य शिवीशिवाय उभं राहत नव्हतं, जसा माड शेंड्याशिवाय. घरी तुळसेकडे पाणी मागायचं तर अर्ध्या वाक्यात अडायचा, मग स्वतःच उठून घ्यायचा. तिसऱ्या दिवसापासून बोलणंच सोडलं. तुळसा रडू लागली. "माझ्या घोवाक काय केल्यात?" ती दारोदार विचारायची. "तो भांडत होतो तेवा घरात माणूस होतो." बायका म्हणाल्या, "नशीब काड गो! आमच्यांच्या तोंडाक पण असां कोणी कुलूप घालीत तर बरां."

वैशाखात गुरुप्रसादाच्या बावीचा गाळ काढायचा ठरला. उन्हाने कातळ असा तापला होता, की कोंबडीने अंडं घातलं तर ते उकडूनच बाहेर यायचं. वीज गेलेली. म्हणून गुरुप्रसादाने भाड्याचा डिझेलचा पंप आणला, आणि पाइप पोचेना म्हणून तो पंपच फळीवर बसवून बावीच्या आत सोडला. सकाळभर तो आत धडधडत होता. पाणी संपलं, पंप बंद केला, निळसर धूर काठाशी लोळत राहिला.

जोडी आली. मंडळाचा फोटोवाला आला. दाजी गप्प राहून काम करतो, हा चमत्कार बघायला गाव लोटला.

दाजीने वाकून वास घेतला. एरवी त्याने गुरुप्रसादाच्या सात पिढ्या त्या पंपाला बांधून बावीत सोडल्या असत्या, पंप वर काढेपर्यंत काठावर थयथयाट केला असता आणि दुसऱ्या दिवसाशिवाय पाय आत घातला नसता. आता त्याने एकेक शब्द तपासून बाहेर काढला.

"भाऊ... ह्यो पंप... आत घातलास तो... बरो नाय. धूर आसा. उद्या उतरूया."

"अरे, बंद केलाय ना! उद्यापर्यंत पाणी पुन्हा भरेल. आणि इतकी माणसं काय परत पाठवू?"

दाजीचा चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा ताठल्या. आता फुटतो, असं आम्हाला वाटलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "व्हय म्हाराजा!" आणि हशा पिकला. दाजीने तोंड मिटलं, सोकोरोकडे एकदा बघितलं आणि खाली उतरला.

दोन-तीन बालद्या वर आल्या. शांततेत. फोटोवाला म्हणाला, "वा!" गुरुप्रसाद सगळ्यांकडे बघून हात पसरून म्हणाला, "ऐका. काही ऐकू येतंय? ह्याला म्हणतात सलोखा."

मग बालदी खाली गेली ती गेलीच. दोरीला हिसका येईना. सोकोरो वाट बघत राहिला. वाट बघणं त्याच्या हाडात होतं.

"दाजी," तो म्हणाला.

काही नाही.

"दाजी, काय तरी बोल मरे."

"बघा, ह्यालाच करमेना!" लोकांना ऊत आला. गुरुप्रसाद त्याच्या कानाशी लागला. "त्याचा शब्द मोडू नकोस रे. देवीपुढे दिलाय."

सोकोरोने काठावर हात टेकले. खाली काळोख. आणि मग त्या माणसाने, जन्मात ज्याने कुत्र्यालाही हाड म्हटलं नव्हतं, बावीत तोंड घालून हाळी दिली :

"दाज्या! आवशीक खाव तुझ्या! शिरा पडो तुझ्या तोंडार! अरे चोराच्या पोरा, बोल!"

त्या दिवशी गाव जितका हसला तितका दशावतारातल्या संकासुरालाही कधी हसला नसेल. एकजण तर कठड्यावरून मागे पडला. फोटोवाल्याने सगळं टिपलं. बावीतून मात्र काहीच वर आलं नाही. असली शिवी खाऊन जो गप्प राहतो तो शुद्धीवर नाही, हे जन्मभर सगळ्यांत उशिरा कळणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळलं.

त्याने पाय कठड्यापलीकडे टाकला आणि उतरला. उतरला कसला, त्या खोबणी दाजीच्या बोटांच्या मापाच्या, अर्धा उतरला आणि अर्धा पडला. खाली धप्प झालं. आता कुठे हसू थांबलं. थोड्या वेळाने दोरीला हिसका आला, एकच, मोठा.

आम्ही ओढलं. एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेतो, तिसरा म्हणतो सोडा, चौथा म्हणतो धरा. सोकोरो एकटा जे करायचा ते आठ जणांना जमेना. शेवटी दाजी वर आला. काखेखालून दोरी घट्ट बांधलेली, अंगभर चिखल, ओठ जांभळाच्या रंगाचे.

मग जी धावपळ झाली! कोणी कांदा फोडला, कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी पाणी ओतलं. गुरुप्रसाद "गाडी काढा, गाडी काढा" करत स्वतःभोवतीच फिरत होता. तुळसा ऊर बडवत आली. सगळ्यांची तोंडं दाजीकडे आणि सगळ्यांच्या पाठी बावीकडे. सोकोरो ओरडला नाही. तो कधी ओरडायचाच नाही, त्यामुळे काही राहून गेलंय असं कोणाला वाटलं नाही.

दाजी खोकला. उलटी केली. डोळे उघडले. आधी छातीवरची दोरी बघितली. मग मान वळवून रहाटाकडे बघितलं.

"दोरी कोणी ओडल्यान?" तो म्हणाला.

"आमी सगळ्यांनी ओडली रे! वाचलंस!"

"मगे सोकोरो खंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि मग सगळे एकदम बावीकडे वळले.

बावीत पडलेली घागर ज्या गळाने काढतात, त्या गळाने सोकोरोला वर काढला. दोनदा निसटला. ऊन उतरलं होतं.

ढाल आमच्याच गावाला मिळाली. शाळेपुढे मांडव घातला, "स्वभाव वेगळे, मनं एक" असा फलक लावला, आणि त्यावर मिठीचा तो फोटो. सोकोरोची लेक ग्लिनिस काळ्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसवली होती. गुरुप्रसादाने माइक हातात घेतला. "भांडण मिटलं नसतं, तर सोकोरो दाजीसाठी खाली उतरला असता का? नसता! हा आपल्या उपक्रमाचा विजय आहे!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, चांगल्या जोरात पडल्या. मग दाजीच्या गळ्यात हार घातला आणि दोन गोड शब्द बोलायला त्याला पुढे ढकललं.

दाजी माइकपुढे उभा राहिला. फोटोकडे बघत म्हणाला :

"सोकोऱ्या. रेड्या. बेगीन कर, बेगीन कर म्हणान जल्मभर माझो घसो सुकलो, तेवा हललंस नाय. आणि त्या दिसा धावलंस! कोणी सांगलेलां रे तुका, मेल्या? एक दिस घाई केलंस, ती पण मरूक! शिरा पडो तुझ्या..."

गुरुप्रसादाने माइकची वायर ओढली. मांडवात कुजबुज उठली, देवीपुढचा शब्द मोडला. ग्लिनिस उठली. ती आता दाजीला काहीतरी बोलेल म्हणून सगळे माना उंच करून बघू लागले. तिने आपल्या खुर्चीजवळची पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि घरी निघून गेली.

संध्याकाळी मानकरी बसले. दंड ठरला, एक नारळ, देवीपुढे. दाजीने दोन आणून ठेवले.

"ह्यो दुसरो कित्याक?" गुरवाने विचारलं.

"उद्याचो," दाजी म्हणाला. "उद्या तेच्या थडग्याकडे जातलंय. थंय पण बोलतलंय."

तेव्हापासून रोज जातो. पाद्रीबाबांनी एकदा मागे उभं राहून ऐकलं आणि फाटक उघडं ठेवायला सांगितलं. आमचे मानकरी मात्र हिशोबाला पक्के. दाजीच्या परसातले माड खाली होत आले, आता तुळसा शेजाऱ्यांकडून नारळ उसने आणते. देवळात ढीग पडलाय, खालचे कुजायला लागलेत. रोज एक नारळ येतो, गुरव तो उजव्या हाताने घेतो, आणि अख्ख्या गावात एकाच्याही तोंडातून अजून "पुरे" निघालेलं नाही.