कमलाबाईंची मूठ

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्म तुपाचा, पण आयुष्य गेलं तांदळात. तूप संपलं तेव्हा माझी पावलं भंगाराकडेच वळली होती; पण कमलाबाईंनी मला राखेनं घासलं आणि रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेगडीशेजारी बसवलं.

त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. तांदूळ शिजवायच्या आधी एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढायची आणि रविवारी चर्चमध्ये न्यायची. तिथून ते तांदूळ कुणा अडलेल्याच्या घरी जात. बाकीच्या बायका आठवेल तेव्हा काढत. कमलाबाईंचं मात्र ठरलेलं: आधी माझ्यात मूठ, मग भात. एकदा पगार लांबला आणि तांदूळ तळाला गेले. त्यांचे यजमान दिवाकर म्हणाले, "आज राहू दे नं. देवाले काय समजत नाही?"

"त्याले समजते, म्हणून तं टाकून राहिली," बाई म्हणाल्या. त्या दिवशी पेज जरा पातळ झाली, एवढंच.

चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "हा डबा कधी उणा येत नाही." मी फुगायचो. पत्र्याला जमेल तेवढा.

पुढे दिवाकर गेले, क्वार्टर सुटलं. आम्ही रायपुरातल्याच भनपुरीत मुलाच्या, यशदीपच्या, घरी आलो. तिथे बाई विसरू लागल्या. मूठ टाकायच्या, विसरायच्या, पुन्हा टाकायच्या. दिवसातून सात-सात वेळा! सून श्रावणी कुकर लावायला जाई, तर तांदूळच नसत.

"मम्मी, अभी तो डाला आपने!"

"मी? काहून खोटं बोलतं वं पोट्टी?"

शेवटी यशदीपनं मला माळ्यावर चढवलं, मोडक्या कूलरशेजारी. मला गंज चढू लागला. खालचं बोलणं ऐकू यायचं, कडेवरून बाईंचं ताट तेवढं दिसायचं. बाई ताटावर बसत, पण घास घेत नसत. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी श्रावणी घाबरून म्हणाली, "मम्मी, हाथ को क्या हुआ? खोलो तो!"

उजवी मूठ गच्च आवळलेली होती. श्रावणी बोटं सोडवू गेली, तशी ताटात टपटप दाणे पडले. कच्चे तांदूळ. बाईंना माझं नावही आठवत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "कुठी ठेवू वं?"

स्टूल ओढल्याचा आवाज आला. श्रावणीनं मला खाली उतरवलं, ओढणीनं पुसलं आणि सासूपुढे धरलं. मूठ उघडली. मग बाई जेवल्या.

आता मी ओट्यावर असतो. सात मुठी पडतातच. श्रावणी त्यातलं काढून घेत नाही, तांदूळच जास्त आणते. परवा बाई दुपारच्या झोपल्या होत्या. श्रावणी कुकर लावता लावता थांबली. झाकण उघडून तिनं स्वतःची एक मूठ टाकली. कुणी पाहत नव्हतं, माझ्याशिवाय. लहान आहे तिची मूठ; होईल मोठी.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, तर त्याला माळ्यावर टाकू नका. डोकं विसरतं, हात विसरत नाही. त्या हाताला उघडायला एक जागा राहू द्या.