दसऱ्याचा डाग

"नळीले ओला हात लावू नोको. आन् ठाण्यात जमा करशील तवा साफ करून देजो. गंजलेली देऊ नोको."

यांचं हे सांगणं दवाखान्यातलं. आवाज पार बसला होता, तरी रायफलीचं तेवढं सांगून झालं. मी हो म्हटलं. त्याला तीन महिने झाले. मेहकरच्या ठाण्यातून दोनदा निरोप येऊन गेला, की लायसनवाला माणूस गेला, आता हत्यार जमा करा. काडतुसं आम्ही मायलेकी तेव्हाच देऊन आलो होतो. रायफल मात्र माझ्याच्यानं घराबाहेर निघत नव्हती. आज शेवटची तारीख.

फौजेतून आल्यावर हे अठरा वर्षं बँकेच्या दारात गार्ड होते, रायफल स्वतःची. नळी काळीभोर, उन्हात निळी झाक मारायची. पण वरच्या अंगाला बोटभर जागेतला रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं, त्यावर तांबूस ठिपके.

सकाळी दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही. आज दिवाही उशिरा लागला, गुडघे उठू देत नव्हते. तोवर माझ्या लेकीनं, पायलनं, ओसरीवर पोतं अंथरून रायफल ठेवली होती. यांच्या पेटीत नळी काळी करायच्या औषधाची अर्धी बाटली सापडली. पायलनं बारीक पॉलिश कागदानं गंज काढला, स्पिरिटनं पुसलं. मी नळी धरून बसले आणि तिनं कापसानं औषध लावलं. जागा काळी होत आली, पण मधे तीन ठिपके कोरेच राहिले.

"आई, हात कायचे हाय तुह्ये?"

"वाती वळल्या ना आता."

"तेल लागलं नळीले. तेलावर हे धरत नाही. तू देवाचं कर जाय."

"देवाचं झालं."

"मंग नुसती बस."

बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला नुसतं बस म्हटलं होतं.

तेवढ्यात प्रसेनजित गाडी घेऊन आला. यांच्यासोबत त्याच बँकेत गार्ड होता, आता ठाण्यात तोच नेणार होता. नळीकडे बघून म्हणाला, "काकू, काकाचा शिक्का मिटवून राह्यल्या का?"

"कायचा शिक्का?"

"दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथंच गंज राहे. आम्ही चिडवत होतो, का जानराव काका, फौजी माणूस आन् नळीले गंज? तर म्हणत, घरचा शिक्का हाय बे, पुसाची परमिशन नाही."

माझ्या ध्यानात आलं. दसऱ्याला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू मीच त्या जागी लावायची, यांच्या आयुष्यासाठी. रातभर पुसायचं नाही, हेही मीच सांगितलेलं. अठरा दसरे.

"मले काऊन नाही सांगितलं त्यायनं?"

"तुमचा नेम मोडला असता म्हणत."

नुसतं फूल वाहिलं असतं मी. एवढंच तर होतं.

पायलनं पुन्हा स्पिरिट फिरवलं, पुन्हा औषध लावलं, पुसून कोरडं केलं, वरून बंदुकीच्या तेलाचा हात दिला. नळी सारखी दिसू लागली. अगदी जवळून पाहिलं तर ती जागा किंचित वेगळी काळी होती.

"गंज नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

तिनं लायसनचं पुस्तक पिशवीत घातलं आणि रायफल जुन्या चादरीत गुंडाळली. घरातून काही कायमचं जायचं तर मी हळदकुंकू लावते, गाय विकली तेव्हाही लावलं होतं. सवयीनं करंडा हातात आला. बोट पाण्यात बुडालंही.

करंडा मी परत कोनाड्यात ठेवला. हात पदराला पुसले, बोटांच्या मधेही. कोरडे झाल्याची खात्री केली, रायफल उचलली, आणि गुडघ्यावर हात ठेवत हळूहळू ओसरीची पायरी उतरले.