नावानिशी

दिनकररावाने बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि राहेलबाईची घागर ओट्यावरून खाली लोटली. घागर ठणठणत गटारापर्यंत गेली. हापशाभोवतीच्या बायका हसल्या. काही मोठ्याने, काही पदरात.

"तुमचा येशू पाण्यावरून चालतो म्हणं," दिनकरराव म्हणाला. "मग त्याच्या पायाला लागून आलेलं पाणी धर की घागरीत. हितं कशाला येतीस?"

"हापसा सरकारचा हाय, मालक."

"अन् मागची भिंत कुणाची हाय? आदी आमच्या म्हशी पिऊ दे. मग बघू."

म्हशी पिऊन झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग त्याने दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं. राहेलबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन ओढ्यातल्या झिऱ्याकडे वळली.

त्या उन्हाळ्यात हापसा नवाच होता, त्याचा हिरवा रंगही उडाला नव्हता. पाणी गोड आहे असं सगळे म्हणायचे. राहेलबाईला गोडीचं काही नव्हतं. झिऱ्याच्या गढूळ पाण्याने तिची थोरली नात होळीच्या सुमारास गेली होती. आता तीन वर्षांच्या सुवार्तालाही हगवण लागली होती. हापशाशिवाय दुसरं पाणी पाजलंत तर हीही हाताला लागणार नाही, असं पाथरीच्या नर्सबाईंनी बजावलं होतं. लेक आणि सून पूर्णेला रेल्वेच्या कामावर होते. लेकरू हिच्या भरवशावर.

तक्रार करायची कुणाकडे? मागच्या पावसाळ्यात नामांतराच्या दंग्यात वस्तीतली सात घरं जळाली होती. कुठल्या घरात कुणाची तसबीर आहे आणि कुठल्या घरात क्रूस, हे काडी लावणाऱ्यांनी पाहिलं नव्हतं.

महिन्यातून एकदा परभणीहून चर्चचे पाळकसाहेब यायचे. हापशावर एक जण फार छळतो, एवढंच तिने त्यांना सांगितलं.

"त्याचं वाईट चिंतू नका, बाई," ते म्हणाले. "रोज त्याचं नाव घ्या आणि त्याचं भलं मागा."

तेव्हापासून ती दिवेलागणीला दारात गुडघे टेकून बसायची. गावात दिनकरराव तिघं होते. देवाची गफलत होऊ नये म्हणून ती बापाच्या नावासकट मागायची: दिनकरराव व्यंकटराव, हापशाशेजारच्या घरचा. डोळे मिटलेले, हात वर, ओठांत पुटपुट. एका संध्याकाळी गोवऱ्या घेऊन चाललेली गावातली बायनाबाई कुडापलीकडे थबकली. राहेलबाईचे डोळे मिटलेलेच होते.

वैशाखात दिनकरराव काविळीने अंथरुणाला खिळला.

हापशाचं कुलूप निघालं. राहेलबाई आली की बायका बाजूला होऊ लागल्या. एके सकाळी बायनाबाईने आपली भरत आलेली घागर उचलून बाजूला ठेवली आणि स्वतः दांडा धरला.

"तू भर आदी," ती म्हणाली.

राहेलबाईने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. घागर डोक्यावर घेताना तिला दिसलं, पलीकडच्या बाईने आपल्या लेकराचं तोंड पदराने झाकून घेतलं होतं.

त्याच दुपारी दिनकररावाची आई, कस्तुराबाई, वस्तीवर आली. या वस्तीवर ती आजवर कधी आली नव्हती. तिने दाराबाहेर जमिनीवर साडीचोळी ठेवली आणि हात जोडले.

"माझ्या लेकाचं नाव सोड, बाई."

"म्हंजे?"

"बायनानं कानानं ऐकलंय. रोज दिवेलागणीला बापाच्या नावासगट घेतीस. त्याचे डोळे हळदीवानी झाल्यात. लय भोगलं त्यानं. आता सोड."

राहेलबाईने दाराची चौकट धरली.

"माय, मी करणी न्हाई करायले. त्याच्या चांगल्यासाठी घेते. आमच्यात तसं सांगितलंय."

"समद्या तसंच म्हणत्यात." कस्तुराबाईचा आवाज चिरकला. "पाणी घे. रोज घे. कुणी आडवणार न्हाई. नाव तेवढं सोड."

आतून सुवार्ताने पाणी मागितलं. राहेलबाई आत गेली, पेला बुडवून तिच्या तोंडाला लावला. पोरीने एका दमात संपवला आणि आणखी मागितलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती.

राहेलबाई बाहेर आली तेव्हा म्हातारीचे हात अजून जोडलेलेच होते.

"सोडलं," राहेलबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी तिची जाऊ कडूबाई हिच्या अंगणात उपासना झाली. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी देवाने काय केलं याची साक्ष द्यायला कोण उठतंय म्हणून विचारलं. कुणी उठेना, तेव्हा त्यांनी राहेलबाईकडे पाहिलं.

"बाई, हापशाचं काय झालं?"

ती सुवार्ताला कडेवर घेऊन उभी राहिली.

"पाणी मिळायलंय, साहेब. आता आदी मलाच भरू देतेत. लेकरू बरं हाय."

"हालेलुया!" मंडळी म्हणाली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

"आणि तो मनुष्य?"

"आजारी हाय. लय."

"मग आज आपण सगळे मिळून त्याच्यासाठी मागू. परमेश्वरासमोर त्याचं नाव सांगा, बाई."

कुडापलीकडे गावातल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांच्या लुगड्यांचे काठ फटीतून दिसत होते. राहेलबाईने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नाव न्हाई ठाऊक मला," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी कडूबाईकडे पाहिलं. कडूबाईने मान खाली घातली. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानेही घातली. वस्तीतल्या लहान पोरांनासुद्धा ते नाव पाठ होतं.

मग एकेकाने डोळे मिटून घेतले.