पाटावर बसवलेला बास

मी एक जुना डबल बास आहे, आणि मित्रांनो, मला काचेचं कपाट नको आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची लोकांना सवय नाही. गेल्या आठवड्यात या घरचा मुलगा लक्ष्मण टेप घेऊन आला आणि माझं माप घेऊन गेला. उंची सहा फूट, रुंदी सव्वादोन. आयुष्यभर मला मापणारेच भेटले. आवाज कसा आहे, हे विचारायची वेळ आली की नेमका चहा येतो.

तुम्ही व्हायोलिन पाहिलं असेल. मला त्याचा थोरला चुलता समजा. मला जमिनीवर उभं करून, मिठीत घेतल्यासारखं धरून वाजवतात, बोटांनी तारा ओढून किंवा गजानं. गाणं रंगात आलं की माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी थांबलो की मात्र गायकाच्या पायाखालची जमीन सरकते.

माझा जन्म पडेगावचा, दौलताबाद रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या कारखान्यात. मला घडवलं वैजनाथ मिस्त्रींनी. जातिवंत सुतार. पंधरा वर्षं मुंबईत एका व्हायोलिन बनवणाऱ्याच्या हाताखाली राबून ते गावी परतले आणि म्हणाले, आता फक्त तारांची वाद्यं करीन. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ज्याला दारं-खिडक्या येतात, त्यानं बाजे कशाला करावेत?

त्या सुमारास छावणीतला एक जुना बंगला पाडत होते. त्याच्या छताच्या देवदारी फळ्या मिस्त्रींनी बैलगाडीत घालून आणल्या. त्यातल्या दोन जाडजूड फळ्या जोडून त्यांनी माझी छाती कोरली. हो, कोरली! मधे फुगीर, कडेला पातळ. रंधा, पटाशी, मग पुन्हा अंगठ्यानं टकटक आणि डोळे मिटून ऐकणं. असे आठ महिने गेले. मिस्त्रींची बायको यमुनाबाई भाकरी झाकून ठेवायची आणि वैतागून म्हणायची, "लेकराला जन्म द्यायला बी नऊ महिनं लागत्यात. तुमचं काय चाललंय काय?"

"मंग एक महिना हाय की अजून," मिस्त्री म्हणायचे.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक बास केला होता. प्लायवूडचा. पत्रे वाकवावे तसं प्लाय वाकवायचं, चिकटवायचं, वर तांबडं पॉलिश मारायचं. महिन्याभरात तयार. मी त्याला तांबड्या म्हणायचो. तो दाराशी उभा असायचा आणि येणारा-जाणारा त्याच्यात तोंड बघून भांग पाडायचा. माझ्या अंगाला मिस्त्रींनी नुसतं तेल चोळलेलं. मी मातकट दिसायचो, पण माझा आवाज पत्र्याच्या भिंतींना हलवायचा.

एकदा माझ्या तारा जुळवून झाल्यावर मिस्त्री यमुनाबाईला म्हणाले, "ह्याला कुणी कानानं पारखून नेलं, तर जन्मभर कोरत बसंन. नाय नेलं, तर उद्यापासनं चौकटी." ते हसत म्हणाले, पण मला माहीत होतं, तो माणूस थट्टेत खोटं बोलत नाही. तेव्हापासून माझ्या निवडीवर माझ्यासारख्या पुढच्या सगळ्यांचा जन्म टांगलेला होता.

आणि गिऱ्हाईक आलं! फुलंब्रीचे काकासाहेब. तालेवार शेतकरी, पण गाण्याचं भारी वेड. त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला होता आणि त्यात बास वाजवायला ते स्वतःच उभे राहणार होते. मात्र आले कोणत्या दिवशी? खंडेनवमीला.

खंडेनवमीला कारागीर हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मिस्त्रींनी पटाश्या मांडल्या होत्या, रंधे मांडले होते, आणि मधोमध, मानाच्या पाटावर, मला उभं केलं होतं. गळ्यात झेंडूचा हार. कपाळ नव्हतं म्हणून छातीवरच कुंकू. तांबड्याला मात्र त्यांनी पूजेत घेतलं नव्हतं. "ते काय मनापासनं केल्यालं नाय," असं म्हणून त्याला दाराशीच सोडलं होतं.

काकासाहेबांनी आल्या आल्या मला पाहिलं आणि हात पुढे केला.

"थांबा!" मिस्त्री ओरडले. "आज नाय. पूजेला बसलाय तो. उद्या सकाळी या, मन भरंस्तवर वाजवा."

"उद्या सीमोल्लंघनाला कार्यक्रम हाय मिस्त्री, अन् आज रात्री तालीम. टेम्पो भायेर उभा हाय. एक तार तरी छेडू द्या की."

"अहो, छेडू द्या," यमुनाबाई आतून म्हणाली. "देवी काय रागवायची नाय."

"माझ्या बापानं कधी मोडलं नाय, मी मोडणार नाय."

मित्रांनो, मी तिथंच उभा होतो. चार तारा जुळलेल्या, तारांखालची घोडी जागेवर, पोटात आवाज मावेना. आणि मी गप्प. ज्याच्यावर मिस्त्रींचा जीव नव्हता तो बोलू शकत होता, आणि ज्याच्यावर होता त्याच्या गळ्यात हार घालून तोंड बांधलेलं. काकासाहेबांनी तांबड्याची तार ओढली. तो कसाबसा 'धप्' म्हणाला. "बरा हाय की," काकासाहेब म्हणाले. "अन् चमकतोय बी झकास." दहा मिनिटांत टेम्पो निघून गेला.

मला मिस्त्रींचा राग आला. खोटं कशाला बोलू? अजूनही येतो.

दसरा झाला आणि त्यांनी वाद्यं कोरायच्या पटाश्या पेटीत टाकल्या त्या टाकल्याच. मग चौकटी, खिडक्या, शाळेचे बाक. दहा वर्षं मी कोपऱ्यात उभा. माझ्या खुंट्यांना छत्री अडकवली, मानेवर ओले टॉवेल वाळत घातले, एका उन्हाळ्यात तर माझ्या पायाशी मिरच्या वाळवल्या. कुणी तरी विचारलं, "मिस्त्री, ह्याच्या फळ्या काढून मांडणी व्हईल का?" मिस्त्री साधे रागावलेही नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. त्याच वैशाखात माझी खालची शिवण उकलली.

दहा वर्षांनी एका साध्या मंगळवारी तोच टेम्पो दाराशी आला. तांबड्याला आडवा निजवून आणलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात पावसात भिजून त्याचे पापुद्रे सुटले होते. काकासाहेब तणतणत उतरले. सोबत त्यांची बायको वच्छलाबाई होती. तिला बाजारातून रांजण घ्यायचा होता म्हणून ती आली होती, बासाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

दोघे पुरुष पापुद्र्यांवरून वाद घालत बसले. वच्छलाबाई कंटाळून कारखान्यात फिरली. तांबड्याजवळ आली, बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग माझ्याजवळ आली, ओला टॉवेल बाजूला सारला आणि माझ्या छातीवर तसंच पेर वाजवलं.

मी बोललो! दहा वर्षांची धूळ अंगावर असताना बोललो. आवाज घुमला, त्याच्या शेपटाला जराशी झणझण होती.

"अवो, हिकडं या," ती म्हणाली. "त्यो तांबडा कच्च्या मडक्यावानी बोलतोय. ह्यो पक्का भाजल्याला हाय. खोट हाय, पण कडंला हाय, पोटात नाय."

काकासाहेब म्हणाले, "अगं, पण कसा कळकट दिसतोय बघ."

"रांजणातलं पाणी गार हाय का बघायचं, का रांजण चाटायचाय?"

वैजनाथ मिस्त्री उठले. ते रडत होते. "ताई, खोट कडंलाच हाय," एवढंच म्हणाले आणि पेटी उघडली. पटाश्यांना गंज चढला होता. आठ दिवस त्यांनी त्या घासल्या, माझी शिवण बसवली, तारा बदलल्या. काकासाहेबांनी मला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ते मधेच थांबले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमी त्या दिवशी मला हे ऐकू दिलं नाय?" मिस्त्री पटाशी पुसत राहिले.

उरलेल्या देवदारी फळ्या चौकटींना लागल्या असतील, असं मला वाटत होतं. पण यमुनाबाईनं त्या धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी पुन्हा कोरायला घेतलं, पण हात थरथरायला लागले होते. दोनच बास झाले. त्या दहा वर्षांत निदान आठ तरी झाले असते. ते आठ कुठेच नाहीत, आणि त्यांच्यासाठी मला कुणाशी भांडताही येत नाही.

मी मात्र फुलंब्रीला आलो आणि वीस वर्षं जत्रांत, गणपतीत, लग्नांत वाजलो. आता काकासाहेबांच्या बोटांचे सांधे धरलेत. त्यांच्या मुलाला, लक्ष्मणला, माझा अभिमान आहे. चितेगावच्या कंपनीतले मित्र घरी आले की तो मला दाखवतो, आणि म्हणूनच त्यानं काचेचं कपाट करायला टाकलं. काल, खंडेनवमीला, ते आलं. मला आत उभं केलं, गळ्यात हार घातला, दार लावलं. पुन्हा तोच पाट, मित्रांनो, फक्त या वेळी काचेचा.

वच्छलाबाई आता काठी टेकत चालते. ती जवळ आली आणि तिनं काचेवर पेर वाजवलं. टिक्.

"हा ह्याचा आवाज नाय," ती म्हणाली. "एकदा हार घालून दहा वर्षं गप बसवला व्हता. आता मरंस्तवर बसवता व्हय? काढ भायेर."

"आई, आज पूजा हाय, हात कसा लावायचा?"

"आधी सूर, मंग हार. माझ्या घरात असंच."

लक्ष्मणनं हार काढला, मला बाहेर आणलं. काकासाहेबांनी वाकडं बोट तारेवर ठेवलं आणि ओढलं. सूर जरा उतरलेला होता, तरी तावदानं हलली.

कपाटात आता लोणच्याच्या बरण्या आहेत. तुम्ही कधी फुलंब्रीला आलात तर मला पाहायला जरूर या. हार आणू नका. कुणी नको म्हटलं तरी एक तार ओढा.