नोंदीबाहेरची मलमपट्टी

नोकरीच्या बाविसाव्या वर्षी सिस्टरला पहिल्यांदाच चौकशीला बोलावलं गेलं.

झालं होतं असं. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा पायाच्या जखमेपायी महिनाभर तिच्या वॉर्डात होते. एकटे, तऱ्हेवाईक आणि तोंडाचे फटकळ. पण सिस्टर समोर आली की अगदी गोगलगाय. घरी सोडताना त्यांनी तिचा हात धरला. "पट्टी तूच बदल. ती घरी येणारी नवी पोरगी मला नको."

सिस्टरला नाही म्हणवेना. ड्युटी संपली की ती वाट वाकडी करून त्यांच्याकडे जायची, पट्टी बदलायची, चहा टाकायची, कपबश्या विसळायची. हळूहळू त्यांच्या घराची किल्लीही तिच्या पर्समध्ये आली. तिची सासू म्हणायची, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

दवाखान्याची नवी नर्स त्यांच्याकडे दिवसाआड सकाळी जायची. दर वेळी पट्टी कोरडी ठणठणीत. 'जखम सुकते आहे,' असं तिनं लिहिलं. खरं तर जखमेतून पाणी येत होतं, पण आदल्या संध्याकाळी सिस्टरनं ते पुसलेलं असायचं. सिस्टरला वाटायचं, ती पोरगी डॉक्टरांना कळवतच असेल. यात आठवडा गेला. आजोबांना ताप चढला, पुन्हा भरती करावं लागलं आणि सगळं उघडं पडलं.

मेट्रन आणि सिस्टर एकाच बॅचच्या. पण त्या दिवशी टेबलापलीकडून मेट्रन 'तुम्ही'च म्हणाली.

"तुम्ही रोज जात होतात?"

"हो."

"कुठे नोंद केलीत?"

"नाही. वेळ माझा होता, हात माझे होते..."

"जखम त्यांची होती. तुमची माया खरी, पण ती फाइलमध्ये दिसली नाही. म्हणून डॉक्टरांना जखमही दिसली नाही."

घोकून आणलेलं लांबलचक उत्तर सिस्टरनं सोडून दिलं. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला जरा मोकळं वाटलं.

लेखी ताकीद, सहा महिने देखरेखीखाली काम, ओपीडीत बदली. आजोबांच्या घरी जाणं बंद. सिस्टरनं किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बाहेर आल्यावर मेट्रननं तिच्या पाठीवर हात ठेवला. "डबा आणलायस ना? चल, जेवू."

घरी सासूनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता रोज साडेपाचला घरी? आमची शांतता संपली म्हणायची," असं म्हणत तिनं पत्ते पिसायला घेतले. त्या संध्याकाळी सिस्टर तीन डाव हरली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दोन महिन्यांनी आजोबा काठी टेकत, पण आपल्या पायांनी ओपीडीत आले.

"ती पोरगी भारी खडूस आहे. पाय वर ठेवला नाही तर ओरडते."

"बरोबर करते."

"तू चहाला कधी येतेस?"

"नाही येणार, आजोबा."

आजोबांनी तोंड वाकडं केलं. "नको येऊ. हल्ली खालचा शिंपी येतो. चहा बेकार करतो, पण गप्पांना बरा आहे."

सिस्टर मनापासून हसली. तिनं त्यांचा ताप मोजला. नव्हताच. त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडून तिनं पुढचा नंबर पुकारला.