पडद्यांच्या मापाचं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणून गेलेल्या माणसाला घर शोधत कधी फिरावं लागलं नसणार. फिरावं लागलं असतं, तर बांधणं किती सोपं असतं हे त्याला कळलं असतं. टेलरबाईला ते चांगलंच कळलं होतं. तेरा महिन्यांत तिची सोळा गावं बघून झाली होती. आज सतराव्या गावाच्या बसमध्ये ती मांडीवर पडद्यांचं गाठोडं घेऊन बसली होती आणि मनात एकच धावा करत होती, की याही गावातली खिडकी या पडद्यांच्या मापाची नसू दे.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर बाई वेडी होती असा समज व्हायचा. वेडी नव्हती. हट्टी होती, आणि घाबरलेली होती.

झालं असं, की तिचा नवरा पाणी खात्यात मीटर वाचायला होता. चौतीस वर्षं त्याने शहरातल्या घराघरांत जाऊन, जिन्याखाली आणि न्हाणीघरामागे वाकून आकडे उतरवले. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने जेवताना जाहीर केलं, "आपण एखाद्या लहान गावात घर घेऊ." का, तर शहरात त्याला सगळे मीटरवाला म्हणूनच ओळखतात. ते खोटं नव्हतं. तो नुसता दूध आणायला निघाला तरी लोक बागेतली नळी लगबगीने गुंडाळून ठेवत.

टेलरबाईला मात्र हलायचं नव्हतं. पुढच्या खोलीत तिचं कापड बेतायचं टेबल होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सुताराने ते त्याच खोलीत बसून बनवलं, आणि बनवून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की ते दारातून बाहेर जात नाही आणि खिडकीतूनही जात नाही. सगळे पोट धरून हसले. बाई हसली नाही. त्या टेबलावर तिने निम्म्या शहराचे कपडे कापले, लेकीला दुपारचं निजवलं आणि तिच्या लग्नाचा पोशाखही तिथेच बेतला. घर सोडायचं म्हणजे टेबल करवतीने कापायचं. हे तिला सरळ सांगता आलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकलेला माणूस पहिल्यांदाच काहीतरी मागतोय, त्याला एका टेबलासाठी नाही कसं म्हणायचं? मग पेचात सापडलेली माणसं करतात तेच तिने केलं. नाही म्हणायचं सोडून फाटे फोडले.

घर मिळायच्या आधीच तिने घराचे पडदे शिवले.

"बाजारात तुरी," नणंद म्हणाली आणि पुढचं बोलली नाही, कारण भावजयीच्या हातात कात्री होती.

पडदे साधे नव्हते. चुण्या नाहीत, झालर नाही. चौकटीच्या आत सपाट, चारी बाजूंनी नेमके लागणारे. रुंदी तीन फूट सात इंच, उंची पाच फूट एक इंच. असल्या मापाची खिडकी कुठलाही शहाणा माणूस करत नाही, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. मग नवरा, नणंद आणि व्याही अशा तिघांच्या साक्षीने तिने सांगून टाकलं, "ज्या घराला हे पडदे लागतील ते घर मी डोळे मिटून घेईन. नाही लागले तर तो विषय नाही."

"अगं, मग जरा कापून घे ना," नणंद म्हणाली.

"झालेल्या कामाला मी कात्री लावत नाही. तुझ्या भावालाच विचार."

भावाने मान डोलावली. त्याने अटीबद्दल चकार शब्द काढला नाही, याचं बाईला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिंकत असलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

तेव्हापासून महिन्यातल्या एखाददुसऱ्या रविवारी नवरा इस्त्रीचा सदरा घालून तयार आणि ती गाठोडं घेऊन मागे. एका गावात मालक घर विकायला तयार होता, पण दर सोमवारी त्याला स्वतःला त्यात राहायचं होतं. दुसऱ्या गावात मालकिणीने शेजारचंच घर हिंडून दाखवलं, कारण तिच्या घरात पसारा होता. तिसऱ्या गावात घराला खिडकीच नव्हती. भिंत कशाला वाया घालवायची, असं मालकाचं मत होतं. त्या दिवशी बाई इतक्या आनंदात होती की परतताना तिने नवऱ्याला बसमध्ये खिडकीची जागा दिली.

नवऱ्याला कुठल्याच घरात खोट दिसत नसे. तो जायचा, खुर्चीत बसायचा, पाणी प्यायचा, चहा प्यायचा, मालकाच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा आणि शेवटची बस यायची वेळ झाली तरी उठायचं नाव घ्यायचा नाही. बाईला वाटायचं, घराच्या ओढीने वेडा झालाय बिचारा. आणि तरीही ती मापाची फीत काढून खिडकीला लावायचीच.

सतरावं गाव लहान होतं. बसमधून उतरून दहा पावलं चालल्यावर बाई थबकली. समोरच्या घराची खिडकी तिच्या डोळ्यांत भरली. मग शेजारच्या घराची, त्याच्या शेजारची. धंद्यातल्या माणसाला माप डोळ्यांनीच कळतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळ्या सारख्याच हो आमच्याकडे," रस्त्यात भेटलेल्या सुतारमिस्त्रीने अभिमानाने सांगितलं. त्याच्या हातात एक काठी होती. "गुरूची काठी. किती फुटांची ते गुरूलाही ठाऊक नव्हतं. खिडकी एक काठी रुंद, एक काठी आणि वर एक हात उंच. दारं, कपाटं, टेबलं, सगळं हिच्यावरच."

खाटासुद्धा काठी आणि एक हात लांब होत्या, त्यामुळे सगळं गाव गुडघे दुमडून झोपायचं. पाहुणे आले की लोक शेजाऱ्याची बरी खिडकी मागून आणून आपल्या घराला बसवायचे. एकदा पोस्टाचं दार मोडलं तेव्हा न्हाव्याच्या दुकानाचं दार काढून तिथे लावलं. तेव्हापासून लोक दार बघून पोस्टात दाढी करायला शिरतात, आणि पोस्टमास्तर तरी काय करणार, करतो.

विकायचं घर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं होतं. तिने दार उघडलं, दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बसा."

नवरा पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा बसला. घरमालकिणीने पाणी आणलं, चहा ठेवला. बाईने हळूच फीत पिशवीच्या तळाशी ढकलली. पण पडद्यांची कीर्ती त्यांच्या आधी गावात पोचली होती. मिस्त्रीमागोमाग पाचसहा बाया आत आल्या, त्यांनी गाठोडं सोडलं, मिस्त्री स्टुलावर चढला आणि पडदा चौकटीत लागला. खालून नाही, वरून नाही, बाजूने नाही, कुठूनही उजेडाची रेघ म्हणून नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने काठी कपाळाला लावली.

झालं. बाईच्या डोळ्यांपुढे करवत आली. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडलो, आता कुणाच्या नावाने ओरडायचं? तिने धीर करून नवऱ्याकडे पाहिलं. निदान त्याचा चेहरा तरी फुललेला बघावा.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, काय झालं?" ती वाकून म्हणाली.

"म्हणजे संपलं का गं आता?" तो कुजबुजला.

"काय संपलं?"

"फिरणं." त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "चौतीस वर्षं लोकांच्या घरात गेलो. मीटर कुठंय ते दाखवायचे आणि उभे राहायचे, मी जाईपर्यंत. एकानेही बसा म्हटलं नाही. घर बघायला गेलं की सगळे म्हणतात. पाणी देतात. घर घेतलं की कोण म्हणेल? आपल्याच घरात आपल्याला कुणी बसा म्हणत नाही."

बाई त्याच्या शेजारी टेकली; मागे बश्या गोळा करणारी मुख्याध्यापिका जागीच थबकली.

"तुझं माप ऐकलं तेव्हा मी निर्धास्त झालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, असली खिडकी जगात नसणार. आणि असलीच, तर ते टेबल दारातून निघतंय कुठे?"

तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग नवरा इतका आवडला की तिला इकडेतिकडे बघावं लागलं. तेरा महिने हा माणूस तिच्याशेजारी बसून प्रवास करत होता, आणि त्याला काय हवंय ते तिने एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्या जगाचं माप घ्यायचं आणि घरचं राहून जायचं.

ती उठली. "पडद्याला घडी पडलीय, जरा नीट करून आणते," असं म्हणून तिने पडदा काढला आणि आतल्या खोलीत गेली. पिशवीत सुईदोरा होताच. खालची किनार तिने इंचभर दुमडली आणि भराभरा धावदोरा घातला. जन्मात कधी घातले नसतील इतके वाकडे टाके. मान वर केली तर दारात मुख्याध्यापिका उभी. कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखी बाई गारठली. मुख्याध्यापिकेने टाक्यांकडे पाहिलं, बाहेर कप हातात धरून बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि पुढच्या खोलीत गेली.

पडदा पुन्हा चढला. खाली इंचभर उजेड.

"आत्ता तर लागला होता," मिस्त्री ओरडला.

"कापड आहे, आटतं," टेलरबाई म्हणाली.

"दोन मिनिटांत? कोरडं असताना?"

"आटतं," मुख्याध्यापिका म्हणाली. "मी शिकवलंय." गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, तेव्हा विषय मिटला. मिस्त्री मात्र काठी पोटाशी धरून, काठी बरोबर आहे, कापडच खोटं, असं पुटपुटत राहिला. त्याचं खरं होतं, आणि बाईला त्याचं फार वाईट वाटलं.

निघताना घरमालकीण दारापर्यंत आली. "पुढच्या महिन्यात एकदा येऊन बघा. कापड सैलही पडतं कधीकधी." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मागच्या खोलीत बसून पाहिलंच नाहीत."

बस सुटली. नवऱ्याने पडद्याची दुमडलेली किनार बोटांनी चाचपली, वाकडे टाके मोजले आणि पडदा नीट घडी करून गाठोड्यात ठेवला.

"अहो," मग बाईने विचारलं. तेरा महिन्यांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं. "पुढच्या रविवारी कुठे?"