बाईंची दोरी

विद्यार्थी मंडळाच्या शिबिरात खेळ घेण्याचं काम सोळा वर्षं आमच्या हिनं केलं. ती महाविद्यालयात इतिहास शिकवायची, मी तिथेच क्रीडासाहित्याची खोली सांभाळायचो. निवडून आलेल्या वीस-बावीस मुलांना वर्षाच्या सुरुवातीला दोन दिवस बाहेरगावी न्यायचं आणि एकमेकांबरोबर काम करायची सवय लावायची, असं ते शिबिर. ती खेळ घ्यायची, मी सामान उचलायचो.

मार्चमध्ये ती गेली. यंदा खेळ लंबू घेणार असं ठरलं.

लंबू तिचा जुना विद्यार्थी, आता तिथेच शिकवतो. ती आजारी असताना रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचा. मी औषधं आणायला खाली गेलो की दोघांचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं. मी वर आलो की गप्प. "काय झालं?" विचारलं तर ती म्हणायची, "काही नाही हो, तुमचं आपलं काहीतरीच." ते हसणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शिबिराच्या हॉलमध्ये मुलं गोल करून बसली आणि लंबूनं पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. मी लगेच ओळखली. तिची खेळांची वही. चार महिने मी ती घरभर शोधत होतो, गाद्यासुद्धा उलथ्या केल्या होत्या. ती ह्याच्याकडे! वर तो तिच्यासारखाच बोटाला थुंकी लावून पानं उलटत होता.

"काका, बाईंची दोरी आणलीत ना?" त्यानं विचारलं.

"हरवली," मी म्हणालो.

दोरी माझ्या बॅगेत होती, टॉवेलात गुंडाळलेली. मी त्याला नायलॉनची नवी दोरी दिली.

खेळ सोपा दिसतो. सगळ्यांनी डोळ्यांना पट्टी बांधायची, दोरी धरायची आणि हात न सोडता तिचा चौकोन करायचा. मुलं एकदम ओरडायला लागली. "इकडे ओढ!" "अरे, मीच कोपरा आहे!" "तू कसला कोपरा, तू तर गोल आहेस!" हशा झाला, कुणीतरी जोरात हिसका दिला आणि नायलॉन सर्रकन हातांतून गेलं. दोन मुली खाली बसल्या. लंबूचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग मंडळाची सचिव झालेली मुलगी तळहात पुढे करून माझ्याकडे आली. कातडी सोलली होती. मी पेटीतून मलम काढलं.

"काका, बाई घ्यायच्या तेव्हा कुणालाच लागायचं नाही म्हणे," ती म्हणाली.

"हात सरळ धर," मी म्हणालो.

जेवणानंतर मी आणि लंबू नळावर ताटं धूत होतो. मला राहवलं नाही.

"वही तुझ्याकडे कशी?"

"बाईंनी दिली. दवाखान्यात."

"मी मेलो होतो का?"

तो ताट विसळतच राहिला. "रागावू नका, काका. बाई म्हणाल्या, ह्यांच्याकडे दिली तर कुलपात जाईल."

माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. महाविद्यालयात मुलं मला कुलूपकाका म्हणतात. जुना चेंडू फुटल्याशिवाय मी नवा काढत नाही. तीसुद्धा चिडली की मला कुलूपकाकाच म्हणायची. आणि तिची दोरी आत्ता कुठे होती, ते मलाच ठाऊक होतं.

दुपारी मी बॅग उघडली. सुती दोरी, घामानं काळपटलेली. दोन्ही टोकांना तिनं हिरवं कापड शिवलेलं.

"सापडली," मी लंबूला म्हणालो.

त्यानं दोरीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं, आणि मुलांना हाक मारली.

पुन्हा पट्ट्या बांधल्या. पुन्हा आरडाओरडा. तेव्हा लंबू म्हणाला, "जो सगळ्यांत मोठ्यानं बोलतोय, त्यानं आता गप्प बसायचं." शब्द तिचे आणि आवाजाचा चढउतारही तिचाच. मुलं शांत झाली. हळूहळू एक वाकडातिकडा चौकोन झाला. हिरवं टोक सचिव मुलीच्या मलम लावलेल्या हातात होतं. कापडाला डाग पडणार हे दिसत होतं. धावत जाऊन ते सोडवून घ्यावंसं वाटलं. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी निघताना लंबू गुंडाळलेली दोरी घेऊन आला. "घ्या, काका."

"राहू दे तुझ्याकडे. पुढच्या वर्षी लागेल." हे बोलायला मला जड गेलं. "वही मात्र बसमध्ये मला दे. उतरताना परत करतो."

मी खिडकीशी बसून वाचलं. प्रत्येक खेळ, कुठे फसला, का फसला. एका पानावर 'लंबूला हे जमेल' असं लिहून खाली रेघ मारली होती. माझ्यासाठी अशी रेघ कुठे आहे का, ते मी शोधत गेलो. नव्हती. पण पानापानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: 'ह्यांना सांगणे – दोरी.' 'ह्यांना सांगणे – पाण्याचं पिंप.' 'ह्यांना सांगणे – रबरी रिंगा, चिडतील, तरी सांगणे.' सोळा वर्षं.

महाविद्यालयाचं फाटक आलं तेव्हा शेवटची चारेक पानं राहिली होती. मी वही मिटून त्याच्या हातात दिली.

"ठेवा की दोन दिवस," लंबू म्हणाला.

"नको. मग मी देणार नाही."